केनपॉमची वर्गणी घ्यावी का? कॉलेज बास्केटबॉलच्या कोचची कारकीर्द आकड्यांतून वाचताना

टोनी बेनेट व्हर्जिनिया विद्यापीठात १५ मोसम कोच होते. जिंकलेले सामने ३६४, हरलेले १३६. एवढंच वाचलं तर कारकीर्द सरळ चढत गेली असं वाटतं. प्रत्यक्षात पहिल्या मोसमात १५ विजय आणि १६ पराभव, नवव्या मोसमात मार्चमधल्या राष्ट्रीय बाद स्पर्धेतलं सर्वांत वरचं मानांकन असताना पहिल्याच फेरीत गारद, दहाव्यात राष्ट्रीय विजेतेपद, आणि सोळावा मोसम तीन आठवड्यांच्या आत येऊन ठेपला असताना निवृत्ती. यात कोचचं किती, खेळाडूंचं किती आणि त्या रात्री चेंडू रिंगवर नाचून बाहेर पडला त्याचं किती, हे वेगळं काढायचं तर हार-जितीच्या खाली उतरावं लागतं.

अमेरिकन कॉलेज बास्केटबॉलमध्ये त्यासाठी सर्वांत जास्त उघडली जाणारी वेबसाइट म्हणजे केनपॉम. केन पॉमरॉय या हवामानशास्त्रज्ञाने ती सुरू केली. वर्षाची वर्गणी सुमारे २५ डॉलर, म्हणजे आपल्याकडे दोन-सव्वादोन हजार रुपये. बँकेचं परकीय चलनाचं शुल्क त्यावर वेगळं. हा आढावा एकाच प्रश्नापुरता आहे: कोचच्या कारकिर्दीचे चढउतार समजून घ्यायला हे पैसे टाकावेत का? मार्चमधल्या स्पर्धेचे अंदाज भरायला ही साइट कितपत उपयोगी, हा वेगळा विषय आहे आणि तो इथे घेतलेला नाही.

पहिलं पान फुकट आहे आणि बऱ्याच जणांना तेवढंच माहीत असतं. पुरुषांच्या पहिल्या विभागातले साडेतीनशेहून जास्त संघ तिथे एकाखाली एक लावलेले असतात. सर्वांत महत्त्वाचा रकाना समायोजित फरकाचा. त्याचा अर्थ असा: सरासरी प्रतिस्पर्ध्यासमोर १०० पझेशन (चेंडू ताब्यात आल्यापासून तो समोरच्याकडे जाईपर्यंतचा एक डाव) खेळली तर हा संघ किती गुणांनी पुढे राहील. त्याचे दोन तुकडे शेजारीच असतात. एकात १०० पझेशनमागे केलेले गुण, दुसऱ्यात दिलेले गुण, दोन्ही प्रतिस्पर्ध्याच्या ताकदीनुसार दुरुस्त केलेले. त्यापुढे वेग, म्हणजे ४० मिनिटांत किती पझेशन. मग नशिबाचा रकाना. मग कोणाशी खेळले त्याची कठीणता. प्रत्येक आकड्याला चिकटून बारीक अक्षरात देशातला क्रमांक असतो. कोचबद्दल बोलताना आधी ते बारीक अक्षर बघावं, कारण १०० पझेशनमागे १०५ गुण हे चांगले की वाईट ते त्या वर्षीच्या बाकीच्या संघांवर ठरतं.

पैसे भरल्यावर उघडतात ती संघांची पानं, आणि या आढाव्याच्या दृष्टीने खरी वस्तू म्हणजे कोचचं पान. कोचच्या नावावर क्लिक केलं की मोसमागणिक एक ओळ येते: कोणतं विद्यापीठ, संघाचा क्रमांक, एकूण आणि लीगमधली हार-जीत, आक्रमण आणि बचावाचे क्रमांक, राष्ट्रीय स्पर्धेत कुठवर मजल गेली. एखादा माणूस तीन-चार विद्यापीठं फिरला असेल तर ते सगळं एकाखाली एक दिसतं. बाकी कुठे हे इतकं नेमकं, एका नजरेत मावेल असं मिळत नाही.

आता हे पान बेनेट यांच्यावर लावून पाहू. त्यांची पद्धत इतकी ठरलेली होती की आकड्यांतून ती स्पष्ट वाचता येते. वडील डिक बेनेट यांनी घडवलेला ‘पॅक लाइन’ बचाव हा तिचा पाया. चेंडूवरचा खेळाडू दाबून खेळतो. बाकीचे चौघं रिंगपासून साधारण १६ फुटांवर काल्पनिक रेषा धरून तिच्या आत पाय ठेवतात. आत घुसायला फट मिळत नाही, पास बाहेर जातो, आणि प्रतिस्पर्ध्याला घड्याळ संपत आल्यावर लांबून शॉट घ्यावा लागतो. आक्रमणही तसंच धीराचं. चांगला शॉट मिळेपर्यंत चेंडू फिरवत राहायचं. त्यामुळे व्हर्जिनियाच्या ओळीत वर्षानुवर्षं दोन गोष्टी दिसतात: बचावाचा क्रमांक अगदी वर, वेगाचा क्रमांक अगदी खाली. ४० मिनिटांत ६० पझेशनच्या आसपास.

पहिले दोन मोसम १५-१६ आणि १६-१५. तिसऱ्यात २२-१०. पाचव्यात, म्हणजे २०१३-१४ मध्ये, ३०-७. व्हर्जिनिया ज्या एसीसी लीगमध्ये खेळते तिचं नियमित विजेतेपदही आणि लीगच्या स्पर्धेचंही. नुसत्या हार-जितीत ही उडी अचानक वाटते. कोचच्या पानावर मात्र बचावाचा क्रमांक आधी सुधारताना दिसतो आणि विजय त्याच्या मागून येतात. नव्या कोचला वेळ द्यायचा की नाही, हे ठरवणाऱ्या कोणत्याही क्रीडा संचालकाने याच जागी बोट ठेवावं. हार-जीत तीच असली तरी आक्रमण आणि बचाव या दोन टोकांपैकी एक टोक ठामपणे सुधारत असेल तर कोचचं शिकवणं खेळाडूंपर्यंत पोचतंय. दोन्ही टोकं जागच्या जागी असतील आणि विजय वाढले असतील, तर आधी वेळापत्रक तपासा. सोपे सामने घेऊन विजय वाढवता येतात, समायोजित फरक वाढत नाही.

मग येतं २०१७-१८. मोसम ३१-३. संपूर्ण स्पर्धेतलं पहिलं मानांकन. १६ मार्च २०१८, शार्लट. समोर यूएमबीसी, म्हणजे मेरीलँड विद्यापीठाचं बाल्टिमोर काउंटी केंद्र, मानांकन सोळावं, म्हणजे गटातलं सर्वांत खालचं. सोळाव्या मानांकनाचा पुरुष संघ पहिल्याला तोवर एकदाही हरवू शकला नव्हता. १३५ पैकी १३५ सामने वरच्या संघाने जिंकले होते. मध्यंतराला २१-२१. शेवटी ७४-५४. उत्तरार्धात यूएमबीसीने ५३ गुण केले, आणि व्हर्जिनिया त्या मोसमात अख्ख्या सामन्यात सरासरी जेमतेम तेवढे गुण देत होता.

त्या रात्रीनंतर टीकाकारांचं एकच म्हणणं होतं: संथ खेळणाऱ्या संघाला असं होणारच, पझेशन कमी म्हणजे दुबळ्या संघाला संधी जास्त. हा मुद्दा तत्त्वतः बरोबर आहे. पण किती बरोबर, ते केनपॉमच्या आकड्यांवरून हाताने काढता येतं आणि काढलंच पाहिजे.

दोन संघांत १०० पझेशनमागे २० गुणांचा फरक आहे असं धरा. ६० पझेशनच्या सामन्यात बलवान संघाची अपेक्षित आघाडी १२, ७५ पझेशनच्या सामन्यात १५. एका सामन्याचा निकाल अपेक्षेपेक्षा इकडेतिकडे किती हलतो त्याचं प्रमाण विचलन कॉलेज बास्केटबॉलमध्ये ११ गुणांच्या आसपास असतं आणि ते पझेशनच्या वर्गमुळाबरोबर वाढतं. म्हणून ६० ला १०.३ आणि ७५ ला ११.५ घेऊ. १२ भागिले १०.३ म्हणजे १.१६, १५ भागिले ११.५ म्हणजे १.३०. सामान्य वितरणाच्या तक्त्यात पाहिलं तर बलवान संघ जिंकण्याची शक्यता पहिल्या बाबतीत सुमारे ८८ टक्के, दुसऱ्या बाबतीत सुमारे ९०. इतक्या मोठ्या वेगाच्या फरकाने पदरात पडले दोन टक्के. बेनेट यांच्या संथपणावर जेवढी शाई खर्च झाली त्या मानाने हे फारच थोडं आहे. सामना खरा हरला तो तीन गुणांच्या रेषेवर: यूएमबीसी २४ पैकी १२, व्हर्जिनिया २२ पैकी ४. तिथेच २४ गुणांची तफावत पडली आणि सामना २० ने गेला. शिवाय व्हर्जिनियाचा डिआंद्रे हंटर मनगट मोडल्याने बाहेर होता. पॅक लाइनची किंमत इथे मोजावी लागते: बाहेरचा शॉट तुम्ही मुद्दाम देता, आणि एखाद्या रात्री तो पडत राहतो.

कोचच्या पानाचं मोल इथे कळतं. तो पराभव धरूनही २०१८ ची ओळ देशातल्या अगदी वरच्या काही संघांचीच राहते. २०१९ च्या ओळीत फरक सुमारे ३४ गुणांचा आणि क्रमांक पहिला. म्हणजे एका वर्षी सगळ्यांनी ज्या संघाला नावं ठेवली आणि दुसऱ्या वर्षी डोक्यावर घेतलं, तो जवळजवळ सारख्याच ताकदीचा होता. शिवाय विजेतेपदाच्या वाटेवरचे शेवटचे तीन सामने पाहा: पर्ड्यूविरुद्ध जादा वेळेत ८०-७५, ऑबर्नविरुद्ध ६३-६२ आणि तेही ०.६ सेकंद उरलेले असताना व्हर्जिनियाच्या काइल गायच्या तीन फ्री थ्रोंवर, अंतिम सामन्यात टेक्सस टेकविरुद्ध पुन्हा जादा वेळेत ८५-७७. यातला कोणताही एक सामना उलटा गेला असता तर हेच बेनेट आजही ‘मार्चमध्ये न जमणारा कोच’ म्हणून ओळखले गेले असते.

तरी एक गोष्ट आकड्यांनी शोधायची सोय नाही. २०१८ नंतर बेनेट यांनी आक्रमणात बॉल स्क्रीनचा, म्हणजे चेंडूवाल्या खेळाडूसाठी सहकाऱ्याने बचावपटूची वाट अडवण्याचा, सततचा खेळ वाढवला. जुन्या पद्धतीत दोघं ब्लॉकर आणि तिघं धावणारे असत. नव्या पद्धतीत गार्डच्या हातात चेंडू देऊन एका बाजूकडून दुसरीकडे स्क्रीन लावत राहायचं. केनपॉमवर आक्रमण सुधारलेलं दिसेल, पण ते का सुधारलं हे कळायला सामनेच पाहावे लागतात. आकडा प्रश्न कुठे विचारायचा ते सांगतो; उत्तर व्हिडिओत असतं.

उतरणीचा काळही पानावर नीट उमटतो. २०२१ मध्ये ओहायोकडून ६२-५८, २०२३ मध्ये फर्मनकडून ६८-६७, २०२४ मध्ये कोलोराडो स्टेटकडून ६७-४२. तिन्ही पहिल्याच सामन्यातले पराभव. पण फर्मनकडून झालेला पराभव एका फसलेल्या पासचा होता, तर २०२३-२४ ची ओळ खरोखर वेगळी आहे: बचाव अजून देशातल्या उत्तम संघांचा, आक्रमण पहिल्या शंभरातही नाही. हा रोग त्या एका रात्रीचा नव्हता, सगळ्या मोसमाचा होता. जून २०२४ मध्ये बेनेट यांचा करार २०३० पर्यंत वाढवला गेला होता. १८ ऑक्टोबर २०२४ ला त्यांनी निवृत्ती जाहीर केली आणि खेळाडूंच्या सततच्या बदल्या व पैशांच्या व्यवहाराच्या नव्या वातावरणात आपण या कामाला योग्य उरलो नाही असं मोकळेपणाने सांगितलं. हे वातावरण पानावर कुठे दिसतं? थोडंफार दिसतं. संघाच्या पानावर ‘मिनिटांचं सातत्य’ असा आकडा असतो: या वर्षी खेळलेल्या मिनिटांपैकी किती मिनिटं मागच्या वर्षी त्याच खेळाडूंनी त्याच संघासाठी खेळली होती. २०२१ पासून खेळाडूंना एक मोसम बाहेर न बसता विद्यापीठ बदलता येतं आणि नावाच्या, प्रतिमेच्या वापराचे पैसे घेता येतात. तेव्हापासून कोचची तुलना करताना हा आकडा शेजारी ठेवल्याशिवाय बोलू नये. पॅक लाइनसारखा बचाव अंगात मुरायला दोन वर्षं लागतात. दर उन्हाळ्यात अर्धा संघ बदलला तर तो कोणालाही शिकवता येणार नाही.

नशिबाच्या रकान्याबद्दल सर्वांत जास्त गैरसमज आहेत. अटीतटीचे सामने जिंकले की तिथला आकडा वर जातो, पण मोजणी शेवटच्या शॉटची होत नाही. सामन्यागणिक कामगिरीवरून संघाने जितके टक्के सामने जिंकायला हवे होते आणि जितके जिंकले, त्यांतला फरक तिथे दिलेला असतो. अधिक ०.०५ म्हणजे ३२ सामन्यांत सुमारे दीड विजय जास्तीचा. दीड विजय कमी वाटतो, पण एखाद्या संघाला राष्ट्रीय स्पर्धेत जागा मिळणं-न मिळणं अनेकदा तेवढ्यावरच असतं, आणि कोचची नोकरीही. एखाद्या कोचचा हा आकडा पाच-सहा मोसम सतत अधिक असेल तर तो शेवटच्या दोन मिनिटांत काहीतरी बरोबर करतो असं म्हणायला जागा आहे. एकाच मोसमात अधिक असेल तर पुढच्या वर्षी विजय कमी होण्याची तयारी ठेवावी. ‘पुढच्या वर्षी काय झालं याला?’ असं विचारणाऱ्यांना बऱ्याचदा उत्तर इथे सापडतं.

कनेक्टिकटचे माजी कोच केव्हिन ऑली यांचं उदाहरण याहून कठीण आहे. २०१४ मध्ये कनेक्टिकट संघ सातव्या मानांकनावरून राष्ट्रीय विजेता झाला. पहिला सामना सेंट जोसेफ्सविरुद्ध जादा वेळेत गेला होता. तिथेच संपलं असतं. त्यानंतर त्यांच्या काळात संघ राष्ट्रीय स्पर्धेत फक्त एकदा गेला, शेवटचे दोन मोसम १६-१७ आणि १४-१८, मार्च २०१८ मध्ये नोकरी गेली, आणि मग पैशांचा वाद लवादापुढे चालून २०२२ मध्ये विद्यापीठाला त्यांना १ कोटी १० लाख डॉलरच्या आसपास द्यावे लागले. कोचच्या पानावर २०१४ ची ओळ वाचताना विजेतेपदाकडे बघू नका. पूर्ण मोसमाचा क्रमांक बघा. एका स्पर्धेतल्या सहा विजयांवर करार लांबवला तर काय होतं, ते खालच्या चार ओळींत आहे.

टोबिन अँडरसन यांचं पान लहान आहे, पण या व्यवसायातली अस्थिरता त्याच्यापेक्षा स्पष्ट कुठेच दिसणार नाही. दुसऱ्या विभागातून ते २०२२ मध्ये फेअरली डिकिन्सनला आले. आधीच्या मोसमात तो संघ ४-२२ होता. पहिल्याच वर्षी लीगच्या अंतिम सामन्यात ते मेरिमॅककडून एका गुणाने हरले. पण मेरिमॅक नुकताच वरच्या विभागात आल्यामुळे राष्ट्रीय स्पर्धेला अपात्र होता, म्हणून जागा यांना मिळाली. केनपॉमच्या उंचीच्या तक्त्यात ३६३ संघांत सर्वांत बुटका संघ तो, आणि एकूण ताकदीत तळाच्या पाव भागातला. १७ मार्च २०२३ ला त्यांनी पहिल्या मानांकनाच्या पर्ड्यूला, सात फूट चार इंचांच्या झॅक ईडीसह, ६३-५८ ने हरवलं. थोड्याच दिवसांत अँडरसन यांना रिक पिटिनो यांनी सोडलेली आयोनाची जागा मिळाली. तिथे १६-१७ आणि १७-१७, आणि मार्च २०२५ मध्ये निरोप. जी ओळ पाहून आयोनाने त्यांना नेलं तीत संघ २१-१६ होता. त्या एका रात्रीचं तेज काढलं तर एक बरा पुनर्बांधणीचा मोसम, एवढंच ती सांगते. नेमणूक करणाऱ्यांनी पूर्ण ओळ वाचली असती तर अपेक्षाही माफक ठेवल्या असत्या आणि कोचला वेळही दिला असता. दोन वर्षांत नव्या ठिकाणी कोणाची परीक्षा करणं अन्यायाचं आहे, मग तो कोण का असेना.

उणिवा आता सांगतो, कारण त्या वर्गणी घेण्याआधी माहीत असाव्यात.

ही साइट फक्त पुरुषांच्या बास्केटबॉलची आहे. महिला संघांचे कोच जीनो ऑरिएमा किंवा डॉन स्टेली यांची कारकीर्द इथे नाही. महिलांच्या खेळासाठी ‘हर हूप स्टॅट्स’ ही वेगळी सेवा पाहावी लागते. दुसरं, माहिती मागे फार लांब जात नाही. यूसीएलएला १९६४ ते १९७५ मध्ये दहा विजेतेपदं मिळवून देणारे जॉन वुडन किंवा इंडियानाला १९७६, १९८१ आणि १९८७ मध्ये जिंकवणारे बॉब नाइट यांचा उत्कर्ष इथे सापडणार नाही. तिसरं, रद्द झालेले विजय. पिटिनो यांच्या लुइव्हिलने २०१३ चं विजेतेपद मैदानावर मिळवलं, पण २०१८ मध्ये शिक्षेचा भाग म्हणून ते आणि १२३ विजय अधिकृत नोंदीतून पुसले गेले. कार्यक्षमतेचा आकडा खेळल्या गेलेल्या सामन्यातून येतो, त्यामुळे शिक्षेने तो बदलत नाही. कोचची एकूण विजयसंख्या लिहायची असेल तर अधिकृत नोंद वेगळी बघूनच लिहा. चौथं, डिसेंबरमधल्या क्रमवारीत मोसमाआधीचा अंदाज मिसळलेला असतो आणि तो सामने वाढतील तसा विरत जातो; नव्या कोचचा निवाडा जानेवारी संपायच्या आत या क्रमवारीवरून करू नये.

फुकटात काय मिळतं? दोन चांगले पर्याय आहेत आणि दोन्ही जवळ ठेवावेत. बार्ट टॉर्विक यांची साइट याच धर्तीची आहे, २००८ पासूनची. तिथे तारखा निवडून त्या काळापुरती क्रमवारी काढता येते. मोसमाच्या मध्यावर कोच बदलला, किंवा मुख्य गार्ड जखमी झाला, तर आधीचा आणि नंतरचा संघ वेगळा करून पाहण्यासाठी यापेक्षा सोयीचं काही नाही. शिवाय राष्ट्रीय स्पर्धेत मानांकनाच्या अपेक्षेपेक्षा किती विजय जास्त किंवा कमी, याचा कोचवार तक्ता तिथे आहे. हा हिशेब हातानेही करता येतो. पहिल्या मानांकनाचा संघ सरासरी तीनाहून थोडे जास्त सामने जिंकतो. बेनेट यांच्या व्हर्जिनियाला ते मानांकन चारदा मिळालं: २०१४ मध्ये २ विजय, २०१६ मध्ये ३, २०१८ मध्ये शून्य, २०१९ मध्ये ६. बेरीज ११, सरासरी पावणेतीन. म्हणजे विजेतेपद धरूनही अपेक्षेच्या किंचित खाली. व्हर्जिनियाकडून त्यांनी राष्ट्रीय स्पर्धेत जिंकलेले एकूण सामने १३, त्यांतले सहा एकाच वर्षी. दहा वेळा गेलेल्या स्पर्धेवर कोच तोलायचा म्हणजे तराजूच लहान आहे, हे या आकड्यांतून कळतं.

दुसरा पर्याय स्पोर्ट्स रेफरन्स. कोचची जुनी नोंद, वुडन यांच्यापासून आजपर्यंत, मोसमागणिक आणि विनामूल्य. पण तिथला ताकदीचा आकडा सामन्यामागे गुणांचा असतो, पझेशनमागे नसतो. त्यामुळे संथ संघांवर अन्याय होतो. १०० पझेशनमागे २५ गुणांनी सरस असलेला संघ ६० पझेशन खेळला तर आघाडी १५ दिसते, ७५ खेळला तर पावणेएकोणीस. बेनेट यांच्यासारख्या कोचला तिथे मोजू नका. इतिहासासाठी आणि अधिकृत हार-जितीसाठी ती साइट वापरा.

आपल्याकडच्या कोचना, म्हणजे आंतरमहाविद्यालयीन किंवा विद्यापीठ संघ सांभाळणाऱ्यांना, या वर्गणीचा थेट उपयोग कमी आहे. आपले सामने तिथे नाहीत. पण पद्धत पूर्ण उचलता येते आणि तिला पैसे लागत नाहीत. पझेशनचं सूत्र असं: घेतलेले शॉट, वजा ऑफेन्सिव्ह रिबाउंड (आपलाच हुकलेला शॉट आपणच परत पकडणं), अधिक टर्नओव्हर (शॉट न घेताच चेंडू गमावणं), अधिक फ्री थ्रोंच्या ०.४७५ पट. शेवटचा गुणक अपूर्णांकात आहे कारण बहुतेकदा दोन फ्री थ्रो मिळून एक पझेशन संपतं, पण बास्केटसह मिळालेला एकच थ्रो किंवा टेक्निकल फाउलचा थ्रो पझेशन संपवत नाही. उदाहरणादाखल: ६२ शॉट, ११ ऑफेन्सिव्ह रिबाउंड, १७ टर्नओव्हर, १८ फ्री थ्रो. ६२ − ११ + १७ + ८.५५ = ७६.५५. गुण ७० असतील तर १०० पझेशनमागे ९१.४. समोरच्याचे ५८, ८, १९ आणि १६ असतील तर ७६.६ पझेशन, ६६ गुणांचे ८६.२ होतात. दोन्ही संघांची पझेशन एकदोनच्या फरकाने सारखी यायलाच हवीत, कारण चेंडू आलटून पालटून मिळतो. तीन-चारांहून जास्त फरक आला तर मोजणी चुकली आहे. बहुतेक वेळा चूक ऑफेन्सिव्ह रिबाउंडमध्ये सापडते, कारण चेंडू ब्लॉक होऊन बाहेर गेला आणि आपल्यालाच मिळाला, तर तो टीम रिबाउंड लिहायचा राहतो.

इथे अडचण येते ती अधिकृत स्कोअरशीटची. तिच्यावर झालेले गुण, फाउल आणि टाइमआउट असतात. हुकलेले शॉट, रिबाउंड आणि टर्नओव्हर नसतात. त्यामुळे सामना संपल्यावर शीटवरून हे काढता येत नाही. बाकावर दोन मुलं बसवा: एक मैदानावरून नजर न हलवता बोलत राहील, दुसरा फक्त लिहील. एकट्याला दिलं तर लिहिताना मान खाली जाते आणि पुढचा टर्नओव्हर निसटतो. मग चार घटक काढा. पडलेल्या शॉटमध्ये थ्री पॉइंटरच्या संख्येचा अर्धा मिळवून घेतलेल्या शॉटने भागा, ही शॉटची खरी टक्केवारी. टर्नओव्हर भागिले पझेशन. आपले ऑफेन्सिव्ह रिबाउंड भागिले, तेच अधिक समोरच्याचे डिफेन्सिव्ह रिबाउंड. फ्री थ्रो भागिले शॉट. बास्केटबॉलच्या आकड्यांचे अभ्यासक डीन ऑलिव्हर यांनी या चौघांना अंदाजे ४०, २५, २० आणि १५ असं वजन दिलं. सरावाचा वेळ वाटतानाही हेच प्रमाण डोळ्यांसमोर ठेवावं. अमेरिकन कॉलेजचा वेग आपल्याशी ताडू नका, त्यांचं घड्याळ ३० सेकंदांचं आणि आपलं २४ चं. तीन गुणांची रेषा मात्र २०१९-२० पासून त्यांच्या पुरुषांसाठीही आपल्यासारखीच ६.७५ मीटरवर आहे, त्यामुळे त्यानंतरची शॉटची टक्केवारी शेजारी ठेवून पाहायला हरकत नाही.

वर्गणी कोणी घ्यावी? अमेरिकेत राहून एखाद्या कॉलेज संघाच्या मागे असाल, मुलगा-मुलगी तिथे शिकत असेल आणि कोच बदलण्याची चर्चा दर मार्चमध्ये घरात होत असेल, तर घ्या. कोचच्या पानासाठीच पैसे वसूल होतात. भारतात बसून मार्चमधले चार सामने पाहणाऱ्यांना टॉर्विकची साइट पुरेशी आहे. घेतलीत तर सुरुवात दोन पानं शेजारी उघडून करा: बेनेट यांचं आणि रायन ओडम यांचं. ओडम हे २०१८ च्या त्या रात्री यूएमबीसीचे कोच होते. त्याच वर्षी जानेवारीत त्यांचा संघ ऑल्बनीकडून ४४ गुणांनी हरला होता. पुढे यूटा स्टेट, मग व्हर्जिनिया कॉमनवेल्थ (व्हीसीयू), दोन्हीकडून दुसऱ्या वर्षी राष्ट्रीय स्पर्धा. बेनेट गेल्यावर व्हर्जिनियाचा मोसम १५-१७ झाला, आणि मार्च २०२५ मध्ये विद्यापीठाने ज्यांना आणलं ते हेच ओडम.